शेवटच्या बाकावरचे पाळकसाहेब

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे, ज्याला आम्ही भाकर म्हणतो, आणि इवल्याशा काचेच्या प्याल्यांतून काळ्या द्राक्षांचा रस. मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, पंच ताटल्या घेऊन एकेका बाकापाशी येतात आणि माणसं मान खाली घालून आपापला तुकडा उचलतात. ताटली माझ्यापुढे आली की आजही माझे कान तापतात. शेजारच्या बायकांना वाटतं, काय भाविक आहे ही! भाविक कसली डोंबलाची. मला एका म्हाताऱ्यापुढे लाज वाटत असते, आणि तो म्हातारा आता हयातही नाही.

ते आमचे पाळक होते. बाहेरचे लोक ज्यांना पाद्री म्हणतात त्यांना आम्ही पाळक म्हणतो, आणि तोंडावर पाळकसाहेब. यांच्यात साहेबपणा औषधालाही नव्हता. बुटके, सावळे, पांढऱ्या झग्याखाली बाराही महिने चपला. जन्म येवल्याकडच्या खेड्यातला. उपदेशाच्या पुलपिटावर उभं राहून बायबलचं शास्त्र वाचायला लागले की कानाला गोड लागेल असं शुद्ध वाचत, आणि पुस्तक मिटलं की त्याच दमात म्हणत, "आता हे लय अवघड हाय." त्यांच्या आधीचे पाळक तासभर उपदेश करायचे. हे मधेच थांबायचे. "एवढंच कळलं मला. पुढचं कळलं की सांगतो," म्हणून सरळ गाणं सांगायचे. पेटीवाल्याची धांदल उडायची. जुनी माणसं घरी जाताना कुरकुरायची, की पगार पूर्ण घेतात आणि उपदेश अर्धा देतात.

उपासना संपली की झगा न काढताच ते समोरच्या टपरीवर मिसळ खायला जात. नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाणारी येणारी माणसं बघत राहायची. पाळक उभ्याने मिसळ खातोय आणि वर अजून रस्सा मागतोय! पुढच्या रविवारी झग्यावर तो तांबडा डाग असायचाच. पाळकीणबाई घासून घासून थकल्या. कुणी डागाकडे बोट दाखवलं तर म्हणत, "माझा दिसतो तरी. तुमचे कुठं दिसतात?"

पण आम्हाला खरी धडकी भरायची ती पापांगीकाराच्या वेळी. म्हणजे सगळ्यांनी मिळून आपली पापं कबूल करायची प्रार्थना. छापलेली असते, सगळे एका सुरात म्हणतात, कुणाचं काही बिघडत नाही. पाळकसाहेब मात्र त्याआधी स्वतःची चालू आठवड्याची पापं मोकळ्या आवाजात सांगत. मंगळवारी दूधवाल्यावर उगाच ओरडलो. गुरुवारी एका आजाऱ्याला भेटायला जायचं होतं, कंटाळा आला, झोपलो. एकदा तर म्हणाले, "आपल्या मंडळीतल्या एकाच्या नव्या गाडीचा मला हेवा वाटला," आणि ज्यांनी गाडी घेतली होती ते गृहस्थ बाकावर अर्धे झाले. पाळकीणबाई पहिल्या बाकावर पदर ओठांशी धरून बसलेल्या असत. आमचीच छाती धडधडायची, की आता घरातलं काय काय बाहेर येतंय.

त्यांच्याकडे कुणी रडत गेलं तर ते उपदेशाच्या फंदात पडत नसत. एक तरुण त्यांना म्हणाला, "पाळकसाहेब, माझा विश्वास उडाला." हे म्हणाले, "माझा परवाच उडाला व्हता. मंगळवारी आला परत. तवर येत जा, दार काय बंद नसतं आपलं." तो मुलगा आज पंच आहे.

शाळेत असताना मी त्यांच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सभासद होण्याआधीच्या, वर्गाला जायचे. तारण म्हणजे काय, देव माणसाला पापातून सोडवतो ते कसं, याचं उत्तर मी घोकून आले होते. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेला पेढा काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "घे." मी म्हटलं, "का देताय?" ते इतके हसले की ठसका लागला. "हीच तर मेख हाय, बेबी. फुकट दिलं की माणसाला अपमान वाटतो. तारणाला पैसे पडले असते ना, तर तुझा पप्पा पहाटे चारला रांगेत उभा राह्यला असता." पेढा मी शेवटपर्यंत घेतला नाही. घरी जाऊन हे पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर केलंस. कारणाशिवाय काही घेऊ नये."

पप्पा मंडळीतले ज्येष्ठ पंच. नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रक. स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती सुटतेय, हे भोंग्यावरून पुकारायचं. आई मी कॉलेजात असताना गेली, त्यानंतर घरातही ते तसेच बोलायचे, मोजकं आणि मोठ्यांदा. त्यांचं आणि पाळकसाहेबांचं कधी जमलं नाही, पण भांडणही नव्हतं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमची मिरवणूक निघते. पाळकाने क्रूस घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं. पाळकसाहेब क्रूस कुणाच्या तरी हाती देऊन सगळ्यात मागे, गुडघे धरलेल्या एका आजीबरोबर रमतगमत यायचे. एकदा पप्पा धावत मागे गेले. "पाळकसाहेब, पुढं चला. फोटो काढतायत. मेंढपाळ मेंढरांच्या पुढं चालतो, शास्त्रातच आहे."

"तिकडं चालत असंल," पाळकसाहेब म्हणाले. "आपल्याकडचा धनगर मागनं चालतो. लंगडं मेंढरू कधी पुढं असतंय का?"

पप्पांना ते पटलं नाही. पुढारी असावा पुढे, नाहीतर त्याला पुढारी कशाला म्हणायचं, हे त्यांचं साधं म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही पप्पांचंच बरोबर वाटलं.

मग माझं लग्न झालं. मुलगा माझ्याच कॉलेजचा, सटाण्याचा, घरचा कांद्याचा व्यापार, हिंदू. कोर्टात सह्या केल्या. पप्पा आले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "तुझं तू बघ," एवढंच म्हणाले. त्यांच्या भाषेत ती परवानगीच होती, आणि दिवाळी-नाताळात येणं जाणं सुरू झालंही असतं. पण लग्नानंतर सासरी सत्यनारायण असतोच. नव्या जोडप्याने पाटावर बसायचं, पूजा नवरा करतो आणि बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा. सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. त्या घरात मला परक्या धर्माची म्हणून कुणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. मी हात लावून बसले आणि मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणत राहिले. म्हणजे इकडे अर्धी आणि तिकडेही अर्धी. शिरा मात्र दोनदा घेतला. नणंदेने फोटो काढला, तो तिच्या स्टेटसला गेला, आणि तिथून दोन दिवसांत आमच्या मंडळीच्या ग्रुपवर येऊन पडला.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. मंडळीतल्या माणसाच्या हातून उघडपणे काही घडलं तर पंच कमिटी त्याला शिस्तीखाली ठेवते. अशा माणसाने उपासनेला यायचं, पण शेवटच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची ताटली त्याच्यापुढून तशीच पुढे जाते. मारहाण नाही, दंड नाही, कुणी बोलतही नाही. नुसती ताटली पुढे जाते. कित्येक वर्षांत ही पाळी कुणावर आली नव्हती.

कमिटी पाळकसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत भरली. चहा पाळकीणबाई देत होत्या, म्हणून मला हे कळलं. बाकीचे पंच पप्पांकडे बघून घुटमळत होते. तेव्हा पप्पाच उठले. "माझी मुलगी आहे म्हणून सूट नको. उद्या लोक म्हणतील, पंचाच्या घरात सगळं खपतं. सहा महिने."

पाळकसाहेब म्हणाले, "पोरीला बोलवून इचारू तरी."

"विचारायचं काय? फोटोत दिसतंय."

हात पहिल्यांदा पप्पांनीच वर केला, मग बाकीच्यांनी. पाळकसाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "बरं. मंग मी पण सहा महिने," ते म्हणाले. पंच हसले. त्यांना वाटलं, यांचं नेहमीचंच काहीतरी.

पहिल्या रविवारी मी सटाण्याहून पहाटेच्या गाडीने नाशिकला गेले. शिस्त पाळायला नव्हे. पप्पांना दाखवायला. आमच्यात लावत नाहीत ती टिकली मुद्दाम ठसठशीत लावली होती. शेवटच्या बाकावर एकटी, मान ताठ, राग असा की जवळ दिवा धरला असता तर आपोआप पेटला असता. पप्पा ताटली घेऊन बाकामागून बाक घेत मागे आले आणि माझ्याआधीच्या बाकापाशी वळले. एवढ्याची मी तयारी करून गेले होते. पुढे जे झालं त्याची नव्हती. सगळ्यांना वाटून झाल्यावर पाळकाने शेवटी स्वतः घ्यायचं असतं. पाळकसाहेबांनी घेतलंच नाही. मेज पांढऱ्या फडक्याने झाकलं, पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेने चपला फटफट वाजवत थेट माझ्या बाकावर येऊन बसले. बाक करकरला. सगळं चर्च मान वळवून मागे बघत होतं.

एक पंच त्यांच्यासाठी ताटली घेऊन धावत आला. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

मी कुजबुजले, "पाळकसाहेब, पुढं जा ना."

"का? हितं पंखा चांगला लागतो."

मला रडू आलं, आणि ते रागाचं नव्हतं याचाच मला राग आला. मी अन्याय सोसायला आले होते, त्यात माझा तोरा होता. या माणसाने शेजारी बसून तो तोराच काढून घेतला. आता माझ्यामुळे एक निरपराध म्हातारा सगळ्यांच्या देखत उपाशी बसला होता. टिकली कधी काढून रुमालात ठेवली, मला आठवत नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

असे सहा महिने गेले. बाकावर ते कधी डुलकी काढत, कधी कानाशी येऊन सांगत, "तुझा पप्पा ताटली लय सरळ धरतो. एक थेंब सांडत नाय." घरी सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "तुमना पाद्री येडा शे का?" असं त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी कांद्याची पिशवी भरून दिली.

शिस्त संपली तेव्हा मला पुढे बोलावलं. पश्चात्तापाचं वाक्य म्हणावं लागतं, ते मी पाठ केलं होतं. पाळकसाहेबांनी ते विचारलंच नाही. "भूक लागली का?" म्हणाले. मी हो म्हटलं. "बस मंग," म्हणाले. त्या दिवशी मी मधल्या बाकावर बसले. पप्पा ताटली घेऊन येत होते. माझ्या बाकापाशी आले, थबकले, आणि ताटली दुसऱ्या पंचाच्या हातात देऊन दुसऱ्या रांगेकडे गेले. मी घेतलं. मागे बाक करकरला. बघते तर पाळकसाहेब पुन्हा शेवटच्या बाकावर.

बाहेर मी त्यांना गाठलं. "सहा महिने झाले की आता."

"तुझे झाले. तुझ्या पप्पाचे कुठं झाले?"

"त्यांना कुणी शिस्त लावलीय?"

"त्यानंच. लावलेली त्यालाच म्हाईत नाय." मग चपलेत पाय नीट सरकवत म्हणाले, "तुम्ही दोघं एका ताटलीतनं घेतलं की मी घेईन. घाई नाय."

घाई नाही म्हणाले, पप्पांनाही हेच सांगितलं, आणि आम्ही दोघांनी तो शब्द खरा मानला. पप्पा बोलायला तयार नव्हते, मी तर नव्हतेच. नवरा म्हणायचा, "जा की एकदा घरी, कुणाचं काय जातंय?" मी म्हणायचे, हात त्यांनी वर केला, आधी त्यांनी यावं. मधल्या काळात मी पप्पांचा आवाज ऐकला तो फक्त स्टँडवर. मी कामासाठी आठवड्यातून एकदा नाशिकला यायचे, परतीची गाडी लागली की भोंग्यावरून ते पुकारायचे, सटाणा गाडी अमुक फलाटावर लागली आहे. मी त्या फलाटावर उभी असायचे हे त्यांना काचेतून दिसत असे. गाडी एकदा पुकारायची असते. माझी गाडी असली की ते दोनदा पुकारत. मी समजायचे, आणि खिडकीकडे न बघता गाडीत चढायचे.

पाळकसाहेब दर महिन्याला सगळ्यांना वाढत आणि स्वतः मागे जाऊन बसत. मंडळीत दोन तट पडले. वरपर्यंत तक्रार गेली, की पाळकच प्रभुभोजन घेत नाही, हा काय पायंडा. पप्पा म्हणाले, हे नाटक आहे, भाकरीवर रुसून बसणं पोरांना शोभतं. गंमत अशी की सटाण्यात बसून मीही नवऱ्याला अगदी हेच म्हणत होते. बापलेकीचं एवढ्या एका बाबतीत एकमत होतं. आणि आम्ही अगदीच चुकीचे होतो असंही नाही. प्रभूचं मेज माणसांच्या रुसव्याफुगव्यासाठी अडवून धरू नये, हे कुठलाही शास्त्र शिकलेला सांगेल. त्यांनाही वरून आलेल्या साहेबांनी ते सांगितलं. ते म्हणाले, "चुकत असंल माझं. रविवारी पापांगीकारात सांगतो." आणि खरंच सांगितलं. सांगून पुन्हा मागे जाऊन बसले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. पहिलाच रविवार होता. शेवटचं म्हणून त्यांनी वाढलं आणि सवयीने मागे गेले. माझा बाक मधे होता, पप्पा पुढे मेजापाशी ताटली घेऊन उभे होते. मला वाटलं, आज पप्पा येतील. पप्पांना नक्की वाटलं असणार, आज ही उठेल. आम्ही दोघंही वाट बघत राहिलो आणि पेटीवाल्याने गाणं सुरू केलं. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. आजही ते गाणं लागलं की मी तोंड उघडत नाही.

त्यानंतर ते देवळालीकडे दोन खोल्यांत राहायला गेले. दोनेक वर्षांनी पाळकीणबाईंचा फोन आला. पाळकसाहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "प्रभुभोजन मागतायत," बाई म्हणाल्या. "हाताने खुणा करतात. नवीन पाळक येणार आहेत, तूही ये." पप्पांनाही त्यांनी असाच फोन केला होता. आम्हाला एकमेकांचं काही सांगितलं नव्हतं.

मी पोहोचले तर पप्पा पलंगाशी उभे, हातात स्टीलची ताटली. ते निवृत्त झाले होते, थकले होते, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. पलंगावर पाळकसाहेब मुठीएवढे झालेले, आणि नाकात नळी. मी पाळकीणबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "गिळता येत नाही. डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

नवे पाळक तरुण होते, गांगरले होते. त्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. मग पप्पा ताटली घेऊन वळले. समोर मीच होते, दुसरं कुणी नव्हतंच. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. ताटली सरळ नव्हती.

"घे," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "कोणत्या गाडीनं आलीस?"

"सातच्या."

"बसायला जागा मिळाली?"

"मिळाली, पप्पा."

मी तुकडा उचलला, त्यांनी उचलला. पाळकसाहेबांचा एक डोळा आमच्यावर होता, नीट उघडा. आम्ही खाल्लं. आता त्यांची पाळी होती. नव्या पाळकांनी अगदी चिमुकला तुकडा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, जीभ पुढे आली, पण तुकडा आत जाईना. ओठावरून घरंगळला आणि हनुवटीला चिकटला. नवे पाळक माझ्याकडे, मी पाळकीणबाईंकडे. प्रभूची भाकर टाकायची नसते. ती कुणीतरी खावीच लागते.

पप्पा वाकले. दोन बोटांनी त्यांनी तो तुकडा टिपून घेतला आणि पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी डावा हात कसाबसा उचलला, बोटं जुळवून स्वतःच्या तोंडाकडे नाही, आमच्या तोंडाकडे नेली. खा. पप्पांनी तुकडा नखाने मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला. तो ओला होता. पप्पा ढसाढसा रडायला लागले. मी आयुष्यात त्यांना तसं पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा. मी त्यांचा दंड धरला, आणि लाजेने मान वर करून पलंगाकडे बघवेना. आम्हाला समेट करायला इतकी वर्षं एक रिकामं मिनिट मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेव्हा त्यांच्या गळ्याने काम सोडलं होतं.

पाळकसाहेब त्याच आठवड्यात गेले. उपाशीच गेले. त्यांच्या वाट्याची भाकर आम्ही दोघांनी खाल्ली होती.